रेडवुडखालची थालिपिठं

मला जंगल आवडत नाही, हे जर्मनीत म्हणायची सोय नाही. इथली माणसं रविवार उजाडला की पाठीला सॅक लावून झाडांत शिरतात आणि संध्याकाळी काहीतरी धर्मकृत्य उरकल्याच्या चेहऱ्याने परत येतात. मी पुण्याची. माझ्या लेखी झाड म्हणजे ज्याच्या सावलीत स्कूटर लावता येते ते. त्यात मी मुळात भित्री. पण नवरा इथे येऊन पक्का जर्मन झालेला आणि सात वर्षांची मुलगी तर इथेच जन्मलेली. दोघांच्या मतापुढे माझं काही चालत नाही.

आमच्या घरापासून गाडीने थोड्या अंतरावर रेडवुडचं एक बन आहे. खूप वर्षांपूर्वी इथल्या कुठल्याशा राजाने अमेरिकेहून बी मागवलं, रोपं करवून घेतली आणि ती ठिकठिकाणच्या जंगलांत लावली. ती झाडं आता एवढी झालीत की वर बघताना टोपी पडते. साल तांबूस आणि मऊ. बुक्की मारली तरी हाताला लागत नाही, म्हणून मुलगी प्रत्येक झाडाला बुक्क्या मारत फिरते. बुंध्याच्या सालीत खोल खोल भेगा, त्यात तिचा अख्खा हात जातो. आम्ही तिथे बऱ्याचदा गेलो होतो, फिरायला, डबा घेऊन. राहायला मात्र कधी नाही. बनाच्या कडेला ओढा आहे आणि ओढ्यापलीकडे तंबू ठोकायची जागा. यंदा तिथे एक रात्र काढायचीच, असा बापलेकीने कट केला होता.

मे महिन्याची सुरुवात होती. गुरुवारी कामगार दिनाची सुट्टी, पुढे शनिवार-रविवार. मधला शुक्रवार म्हणजे ब्रुकनटाग, दोन सुट्ट्यांमधला पूल, शाळा बंद. नवऱ्याला नेकारसुल्मच्या कारखान्यातून सुट्टी मिळाली नाही. तेव्हा असं ठरलं की आम्ही तिघी सकाळी पुढे जायचं आणि त्याने शिफ्ट संपवून संध्याकाळी तंबू घेऊन यायचं. तिघी म्हणजे मी, मुलगी आणि माझ्या सासूबाई.

आई, म्हणजे सासूबाई, तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. त्या जुन्नरच्या बाजूच्या. रानभाज्या ओळखण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली, कुठली कधी येते, कुठली कोवळीच खायची, कुठली दोन पाण्यांत उकडायची, सगळं त्यांना पाठ. इथे आल्या तेव्हा पहिले पंधरा दिवस त्यांना काही करमेना. दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीतला पालक बघून त्या म्हणाल्या, "ह्याला काय भाजी म्हणायचं? औषधाच्या गोळीसारखा पॅक केलाय."

मग आमच्या घरामागच्या ओढ्याकाठी बेअरलाउख उगवली. ही रानलसूण. रुंद हिरवं पान, चुरगळलं की लसणाचा दणदणीत वास. मीच त्यांना नेऊन दाखवली. बाई अशा खुलल्या की विचारू नका. तेव्हापासून आमच्याकडे रानलसणीची भाजी, पिठलं, पराठे, चटणी, सगळं झालं. सोसायटीतली एक जर्मन बाई चव घेऊन "जा, गेनाऊ, लेकर," म्हणजे अगदी चविष्ट, असं म्हणाली, आणि आईंनी तिला डबाभर बांधून दिलं. ह्याच पानांसारखं दिसणारं दुसरंही एक झाड असतं, त्याला घंटीसारखी पांढरी फुलं येतात आणि ते विषारी असतं, हे मी त्यांना सांगितलं होतं. मुलीच्या किंडरगार्टनच्या दारावर दर वसंतात तसं पोस्टर लावायचे. "वास घेऊनच तोडायचं," मी म्हटलं होतं. त्यावर आई म्हणाल्या, "अगं, मला शिकवतेस होय?"

त्या शुक्रवारी संकष्टी होती. संकष्टी खरं तर आईंची. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्यावर डॉक्टरांनी त्यांचे उपास बंद केले आणि तो वसा माझ्या गळ्यात पडला. मी काही फार देवभोळी नाही, पण सासूचा उपास सुनेने मोडला असं कोणी म्हणायला नको. म्हणून मी पाण्याची बाटली आणि दोन केळी घेऊन निघाले, आणि आईंनी भाजणीचा डबा, तवा, कॅम्पिंगचा गॅस, हिरव्या मिरच्या आणि लसणाचे दोन गड्डे घेतले.

पोचल्यावर बनातल्या लाकडी टेबलाशी त्यांना बसवलं आणि मी पलीकडच्या ऑफिसात गेले. इथे तंबू ठोकायलाही आनमेल्डुंग म्हणजे नोंदणी लागते: फॉर्म, पासपोर्ट, गाडीचा नंबर. खिडकीतला माणूस एकेक अक्षर कोरून लिहीत होता आणि माझं नाव लिहिताना तर त्याने दोनदा पेन खाली ठेवलं. मी चडफडत उभी.

परत आले तर थालिपिठांचा खमंग वास सुटलेला. आई टेबलाशी बसून खात होत्या. दगडाने ठेचलेला लसूण-मिरचीचा ठेचा बशीत काढलेला. मुलगी रिकाम्या कागदी बशीसमोर बसून पाय हलवत होती.

"दोन खाल्लीन हो तिने," आई म्हणाल्या. "एरवी दोन घास जात नाहीत. रानातली हवा आहे ही. आणि थालिपिठात काय घातलंय ओळख."

ओळखायला काय, बाजूला पिशवी पडली होती, हिरव्या पानांनी अर्धी भरलेली. ओढ्याकाठी आजी-नातीने तोडलेली. मला भूक लागलेली, वास घेऊन उगाच चिडचिड होत होती, म्हणून मी आवराआवर करायला घेतली. पिशवीला गाठ मारायला गेले आणि वरची पानं हातात आली.

त्यातलं एक पान एकटं नव्हतं. एकाच देठातून दोन पानं निघाली होती, एकात एक गुंडाळलेली. खालच्या बाजूने चकचकीत. बेअरलाउखचं पान एकेका देठावर एकेकटं येतं, खालून निस्तेज असतं. ते पोस्टर माझ्या डोळ्यांसमोर जसंच्या तसं उभं राहिलं.

मी ते नाकाशी नेलं. लसूण. पण लसणाचा वास तर पिशवीलाही येत होता, टेबलालाही येत होता. मी बाटलीतलं पाणी हातावर ओतलं, पान धुतलं, मधोमध फाडलं आणि पुन्हा वास घेतला. नुसता गवताचा ओला वास. दुसरं काही नाही.

मी पान तसंच हातात धरून आईंकडे वळले.

"आई, ही पानं तुम्ही वास घेऊन तोडलीत ना?"

"म्हणजे काय? एकेक पान हुंगून घेतलंय. सगळ्यांना वास होता."

होताच. त्या आधी त्यांनी दोन गड्डे लसूण सोलून ठेचला होता. त्या दिवशी त्यांनी हातात वाळकी काडी धरली असती तरी तिला लसणाचा वास आला असता. मी पिशवी टेबलावर उपडी केली आणि पानं वेगळी करायला लागले. ह्या बाजूला चांगली, त्या बाजूला जोडीची. जोडीची फार नव्हती, पण होती. आणि जी चिरून पिठात गेली, त्यात किती होती ते कोणाला माहीत.

मुलीला विचारलं, "किती खाल्लीस? खरं सांग."

"त्स्वाय," ती बशीकडे बघत म्हणाली. दोन. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्येच येतं.

"काय झालं गं?" आईंनी विचारलं. मी सांगितलं. त्यांच्या हातातला घास हातातच राहिला. मग त्या एकदम उठल्या. "मीठ-पाणी पाज तिला. आत्ताच्या आत्ता. ओकून टाकू दे."

"थांबा हो, काही पाजू नका," मी ओरडले. मला माहीत नव्हतं पाजायचं की नाही. मला एवढंच माहीत होतं की आता कोणीतरी दुसऱ्याने सांगायला पाहिजे, ज्याला हे कळतं. मोबाइल काढला तर रेंज नाही. त्या झाडांच्या गर्दीत रेंज कुठून येणार? इतक्या वेळा तिथे गेले, पण ती झाडं मला त्या दिवशी जशी वाटली तशी कधी वाटली नव्हती. एवढाली उंच, गप्प, आणि एकाचाही काडीचा उपयोग नाही.

पिशवी उचलली, मुलीचा हात धरला आणि गाडीकडे पळाले. तवा, गॅस, डबे, सगळं टेबलावर तसंच. आई मागून धावत येत होत्या. साडीवर जॅकेट आणि पायात माझे जुने स्पोर्ट शूज, एरवी मला त्याचं हसू यायचं. त्या मुलीबरोबर मागच्या सीटवर बसल्या आणि मी गाडी काढली.

रस्त्यावर आल्यावर रेंज आली. विषबाधेसाठी इथे हेल्पलाइन असते, तिथल्या बाईंनी फोन उचलला. वय काय, वजन किती, किती खाल्लं, खाऊन किती वेळ झाला. मी गाडी कडेला घेऊन उत्तरं देत होते आणि माझं जर्मन मला सोडून चाललं होतं. कारक गेले, क्रियापदं गेली, नुसते शब्द राहिले. बाई शांत होत्या. "आल्झो," म्हणजे तर मग, त्या म्हणाल्या, उलटी करवायची नाही, दूध द्यायचं नाही, खायलाप्यायला काहीही द्यायचं नाही, पानं बरोबर घ्या, सरळ हॉस्पिटलला जा. ह्या पानांचा परिणाम हृदयावर होतो. आधी मळमळ, उलटी, मग नाडी मंदावते. लहान मुलांवर लक्ष ठेवावं लागतं.

आईंना मी एवढंच सांगितलं की आधी मळमळ होते. हृदयाचं सांगितलं नाही.

पुढचा रस्ता मला आठवतच नाही असं म्हणायला आवडलं असतं, पण मला त्याचं एकेक वळण आठवतं. मोहरीची पिवळी शेतं, एक ट्रॅक्टर, त्याच्यामागे रेंगाळणाऱ्या चार गाड्या. मी आरशातून सारखी मुलीकडे बघत होते. ती खिडकीवर बोटाने काहीतरी काढत होती.

"पोटात कसंतरी होतंय का गं?"

"नाइन."

"उलटीसारखं?"

"नाइन, मामा." म्हणजे नाही, आई; जर्मनमध्ये आईला मामा म्हणतात.

तेव्हा आई म्हणाल्या, "अगं, एवढी घाबरतेस कशाला? मीही खाल्लंय की. तेच पीठ, तोच तवा. मला काही झालंय का?"

ह्या वाक्याने मला तारलं. खरंच की. त्यांनीही खाल्लंय. पानं विषारी असती तर त्यांनाही काहीतरी व्हायला हवं. मी त्या वाक्याला अशी लटकले की सोडीना. "आई, तुम्हाला काही होतंय का?" मी विचारायचे, आणि त्या म्हणायच्या, "मला काय धाड भरलीय." थोडं अंतर गेलं की मी पुन्हा विचारायचे. प्रत्येक वेळी त्यांच्या उत्तराने मला श्वास मिळायचा आणि तो पुढच्या सिग्नलपर्यंत पुरायचा.

"जरा काच खाली कर गं," त्या मध्येच म्हणाल्या.

"थंडी आहे हो बाहेर, तिला गार लागेल."

"माझ्या बाजूची कर. थोडीशीच."

मी केली. मग त्यांनी पर्समधून वेलदोडा काढला आणि तोंडात टाकला. मला त्यांचा रागच आला. पोरीच्या जिवावर बेतलंय आणि ह्यांना मुखशुद्धी सुचतेय. गिअर असा टाकला की त्यांना कळावं.

हॉस्पिटलात मात्र कोणी वेळ काढला नाही. पिशवीतली पानं टेबलावर पसरली, एका डॉक्टरने ती बघितली, फोटो काढले, दुसऱ्याला दाखवले. मुलीच्या छातीवर तारा चिकटवल्या, बोटाला चिमटा लावला, दंडातून रक्त घेतलं. आईंना तर काही होत नव्हतं, म्हणून त्यांनीही खाल्लंय हे सांगायचं मला सुचलंही नाही. एवढीशी पोर त्या पलंगावर आणखी एवढीशी झाली. स्क्रीनवर हिरवी रेघ उड्या मारत होती आणि बाजूला आकडा. तो आकडा चांगला की वाईट ते मला कळत नव्हतं, आणि विचारायचं धाडस होत नव्हतं. कोणी खोलीत आलं की मी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचे. इथल्या डॉक्टरांच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही, ही या देशातली सगळ्यात भयंकर गोष्ट आहे.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला निघालोच. मी म्हटलं, "सावकाश ये," आणि फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मला एकच दिसत होतं, ती हिरवी रेघ हळूहळू सपाट होत चाललेली. झाली नव्हती. पण मला दिसत होतं.

आई दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. डोळे मिटलेले, जॅकेटची कॉलर तोंडावर ओढलेली, ओठ हलत होते. जप करतायत असं मला वाटलं. मी तिथूनच विचारलं, "आई, तुम्हाला काही होतंय का?"

त्यांनी डोळे न उघडता मान हलवली. नाही.

मग डॉक्टरीणबाई आल्या, हातात काळं पाणी भरलेला ग्लास. कोळशाची पूड असते ती, पोटातलं विष शोषून घेते. त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि थेट मुलीशी बोलायला लागल्या, मोठ्या माणसाशी बोलावं तशा. हे सगळं प्यायचं, चव काही नसते, दात काळे होतात, मग आरशात बघून हसायचं.

मुलीने ग्लासाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग डॉक्टरीणबाईंकडे. आणि अगदी हळू आवाजात, जर्मनमध्ये विचारलं, "खाल्लंच नसेल, तरी प्यावं लागतं का?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हणजे? तू नाही खाल्लंस?"

त्यात हिरवं हिरवं होतं, ती म्हणाली. आजी दुसरं थापत होती, तिची पाठ होती. मामा म्हणते पानातलं टाकायचं नाही, आणि दोन संपवली नाहीत तर रात्री शेकोटीवर मार्शमेलो भाजायचे नाहीत. म्हणून तिने पहिलं मोठ्या झाडाच्या सालीत सारलं. मग दुसरं. झाडाला खूप मोठी भेग होती, दोन्ही मावली.

"एक तुकडा? चव बघायला?"

"नाइन. वास पण नाही घेतला."

मला काय झालं सांगता येत नाही. मी पलंगाची कड धरून खाली बसले आणि हसायला लागले, आणि ते हसणं मला आवरेना. मी तिला धरलं, तारांसकट, ती "मामा, ऑ" म्हणून ओरडली. कार्टी खोटं बोलली होती आणि मी तिचे मुके घेत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तरी थोडा वेळ तारा राहू देऊ, पण त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला.

"काय म्हणतेय ती?" आईंनी विचारलं. जर्मन त्यांना कळत नव्हतं, फक्त आम्ही दिसत होतो. "का हसतेस?"

"आई, तिने खाल्लंच नाही. दोन्ही झाडात कोंबली. तुमची पाठ होती तेव्हा."

"एकही घास नाही?"

"एकही नाही."

"नक्की ना? नीट विचार तिला."

"नक्की, आई. नक्की."

त्यांनी हात जोडले. मग एक हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवून उठायला गेल्या आणि परत बसल्या. मी जवळ गेले तेव्हा दिसलं, कपाळावर, वरच्या ओठावर घाम डवरला होता. रंग राखेसारखा.

"आता सांगायला हरकत नाही," त्या म्हणाल्या. "मला गं फार मळमळतंय. डोळ्यांपुढे पिवळं पिवळं दिसतंय." आणि त्यांनी कॉलर बाजूला केली. जॅकेटच्या आत, मांडीवर, त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी धरून ठेवली होती. त्यात त्या मघाशीच ओकल्या होत्या, आवाज न करता.

आई वाचल्या, हे इथेच सांगून टाकते, मला ताणून धरता येत नाही. पण त्यांची नाडी त्या संध्याकाळी इतकी खाली गेली की त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं, आणि त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे ते प्रकरण लहान मुलापेक्षाही अवघड होऊन बसलं. तंबू गाडीच्या डिकीत तसाच राहिला आणि नवरा रात्रभर काचेपलीकडे उभा राहिला. तो सगळा वेळ मी कसा काढला ते मी लिहिणार नाही. मला ते परत जगायचं नाही.

पण त्या खोलीतलं शेवटचं सांगायचं राहिलं. आईंना घाईघाईने दुसऱ्या पलंगावर घेतलं, त्यांच्या छातीवर तारा लावायला लागले आणि डॉक्टरीणबाईंनी त्यांचं मनगट धरून मला विचारलं, "मळमळ कधीपासून होतेय? नेमकं सांगा, महत्त्वाचं आहे."

मी आईंना विचारलं, "कधीपासून होतंय हे?"

"गाडीत बसले तेव्हापासून."

"मग सांगितलं का नाही हो? मी किती वेळा विचारलं तुम्हाला."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जणू एवढंही कळू नये मला. "अगं, मला होतंय म्हटलं असतं तर पोरीलाही होणार असं ठरलं असतं ना. गाडी कशी चालवली असतीस मग?"

डॉक्टरीणबाई उत्तराची वाट बघत होत्या. मी सांगायला लागले, आणि सगळं मराठीतच बाहेर पडलं.